बेपत्ता माणसे आणि मराठी वाङ्मय : पानिपत ते तोतयाचे बंड

१

१४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोवती मराठीत जेवढे लेखन साचले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या दिवसाभोवती साचले असेल. बखरी, पत्रे, आत्मवृत्त, पोवाडे, नाटके, कादंबऱ्या आणि संशोधनपर ग्रंथ असा हा विस्तृत पट आहे. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार आणि 'विश्वास गेला पानपतात' ही म्हण यांनी तर तो दिवस युद्धाची माहिती नसलेल्या माणसाच्याही जिभेवर नेऊन ठेवला. या सर्व लेखनाचा प्रमुख प्रश्न मात्र एकच राहिला आहे : पराभव का झाला? भाऊसाहेबांचा हट्ट, होळकरांचे धोरण, रसदेची टंचाई, यात्रेकरूंचा व बुणग्यांचा बोजा, उत्तरेतील मित्रांनी फिरवलेली पाठ, यांपैकी कोणत्या कारणाला किती वजन द्यावे यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. प्रश्नाच्या चौकटीविषयी मात्र फारसा मतभेद नाही.

प्रस्तुत निबंधात त्या चौकटीबाहेर राहिलेल्या एका वर्गाचा विचार करावयाचा आहे. युद्धात मेलेले आणि युद्धातून परतलेले असे दोन वर्ग इतिहासाला आणि वाङ्मयाला सहज हाताळता येतात. पहिल्यासाठी शोक आहे, दुसऱ्यासाठी वृत्तांत आहे. तिसरा वर्ग बेपत्तांचा. त्यांचा देह मिळाला नाही, निरोप आला नाही, आणि घरच्यांनी त्यांना मृतांत धरावे की जिवंतांत याचा निर्णय झाला नाही. पानिपतविषयक मराठी लेखन या तिसऱ्या वर्गाशी कसे वागले, हा येथे मुख्य प्रश्न आहे. या दृष्टीने पाहता नाना फडणीसांचे आत्मवृत्त, पार्वतीबाईंचे उर्वरित आयुष्य आणि १७७६ मधील तोतयाचे प्रकरण या एरवी वेगवेगळ्या प्रकरणांत मोडणाऱ्या गोष्टी एकाच सूत्रात येतात, असे दाखवता येईल.

२

हा प्रश्न चंदीगडमध्ये बसून विचारण्याला काही कारण आहे. लाहोर सीमेपलीकडे गेल्यामुळे पूर्व पंजाबला राजधानी हवी झाली आणि त्या गरजेतून हे शहर उभे राहिले. येथून दिल्लीकडे जाणारा रस्ता कर्नाल आणि पानिपत या गावांवरून जातो. कुंजपुराही त्या वाटेपासून फार दूर नाही. भूगोलाच्या या योगायोगापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, १९४७ च्या अनुभवातून पंजाबच्या साहित्याला आणि समीक्षेला बेपत्ता माणसांचा प्रश्न टाळता आला नाही. १९४९ मध्ये अपहृत व्यक्तींच्या शोधाचा आणि परत पाठवणीचा स्वतंत्र कायदाच करावा लागला. 'परत मिळालेली' स्त्री घरी स्वीकारली जाईल का, तिला परत यायचे आहे का, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न राज्यसंस्थेसमोर आले तसे लेखकांसमोरही आले. अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर' (१९५०) या कादंबरीतील पूरो परतण्याची संधी मिळूनही परतत नाही. १९९८ मध्ये ऊर्वशी बुटालिया यांचा, तसेच ऋतू मेनन व कमला भसीन यांचा असे जे दोन महत्त्वाचे ग्रंथ आले त्यांनी फाळणीच्या इतिहासाचे केंद्र वाटाघाटींच्या मेजावरून हलवून घराच्या उंबऱ्यावर आणले.

मराठी समीक्षेने पानिपताकडे या उंबऱ्यावरून फारसे पाहिलेले नाही. १९४७ चे मापदंड १७६१ ला जसेच्या तसे लावणे अर्थातच अनैतिहासिक ठरेल. एका ठिकाणी लक्षावधी सामान्य कुटुंबे स्वतःच्या गावातून उखडली गेली, तर दुसऱ्या ठिकाणी स्वारीवर गेलेल्या लष्कराचा आणि त्याच्यासोबतच्या परिवाराचा नाश झाला. तथापि, न परतलेल्या माणसाचे काय करायचे, हा घरासमोरचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. पंजाबी समीक्षेने तो विचारावयास शिकवले, एवढेच ऋण येथे घेतले आहे.

३

पानिपतच्या वार्तेसंबंधी एक सावकारी पत्र सर्वश्रुत आहे. त्यात गळालेले दोन मोती, गमावलेल्या मोहरा आणि मोजदाद न होणारा रुपये-खुर्दा अशी सांकेतिक भाषा वापरून हानी कळवली आहे. या पत्राच्या सूचकतेची वाखाणणी आजवर पुष्कळ झाली. पण हे रूपक कसे चालते हेही पाहिले पाहिजे. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. या नाण्यांना नावे आहेत, म्हणून त्यांची गणती होते. खुर्द्याला नाव नाही, म्हणून त्याची गणतीही नाही. शोकाची ही खातेवही त्या काळच्या समाजरचनेप्रमाणेच मांडली गेली आहे. पुढच्या दोन शतकांतील लेखनाने पुष्कळ अंशी हीच खातेवही पुढे चालवली.

खुर्द्याचा काहीसा हिशेब देणारा वृत्तांत आला तो विरुद्ध बाजूच्या छावणीतून. काशिराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने १७८० मध्ये फार्सीत लिहिलेला वृत्तांत अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला आणि नंतर मराठीत 'काशिराजाची बखर' म्हणून रूढ झाला. युद्धानंतर पकडल्या गेलेल्या माणसांची संख्या तो सुमारे ४० हजार देतो, आणि शुजाच्या छावणीच्या आश्रयाला आलेले काही हजार वगळता बाकीच्यांच्या कत्तलीचे वर्णन करतो. आकड्याच्या अचूकतेविषयी वाद घालता येईल. वाङ्मयीन दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, हा लेखक लढाई संपल्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशीच्या मैदानावर तो प्रेते शोधीत हिंडतो. शिर नसलेला एक देह शरीरावरील खुणांवरून भाऊसाहेबांचा म्हणून ओळखला गेला, शुजाच्या मध्यस्थीने त्याचे दहन झाले, हा तपशील त्याच्याकडूनच येतो.

म्हणजे मृत्यूची साक्ष होती. पण ती शत्रूच्या गोटातली, परभाषेतली आणि उशिरा लिहिलेली होती. याउलट मराठी वृत्तांतांत भाऊसाहेब शेवटी गर्दीत दिसेनासे होतात. 'दिसेनासे होणे' आणि 'मरणे' या दोन क्रियापदांतील अंतरातच पुढची पंधरा वर्षे सामावलेली आहेत. भाऊसाहेबांच्या बखरीचा आवेश, तिची नाट्यमय संभाषणे, तिची ठसकेबाज भाषा यांचे विवेचन आपल्याकडे चांगले झाले आहे. परंतु बखरगद्याला या नायकाचा अंत रेखीवपणे का करता येत नाही, याकडे दुर्लक्ष झाले. तो कलादोष मानण्याचे कारण नाही. ज्या समाजासाठी ती लिहिली गेली, त्या समाजाचाच तो अनिर्णय होता.

४

नाना फडणीसांचे आत्मवृत्त हा मराठी गद्यातील एक विलक्षण लेख आहे. आकाराने तो अगदी छोटा आहे. पुढे मराठी राज्याचा कारभार दीर्घकाळ वाहणाऱ्या या मुत्सद्द्याने त्यात आपल्या कारभारातले काही सांगितलेले नाही. बालपण, धर्मबुद्धी, तारुण्यातील विकारांची मोकळी कबुली आणि पानिपत, एवढाच त्याचा ऐवज आहे. युद्धाच्या वेळी नानांचे वय १९ वर्षांचेही पुरे नव्हते. मातोश्री आणि पत्नी यांच्यासह ते स्वारीबरोबर गेले होते. मातोश्रींच्या दृष्टीने ती तीर्थयात्राही होती.

रणातून बाहेर पडल्यानंतरचा भाग आत्मवृत्ताचा गाभा आहे. अंगावरची ओळख पटवणारी वस्त्रे टाकून देणे, गवतात लपणे, सोबतच्या माणसांवर वार होताना पाहणे, अन्नावाचून चालत राहणे आणि अखेर रेवाडीकडे पोचणे, हा क्रम नाना कोणत्याही अलंकरणाशिवाय सांगतात. या कथनात शौर्य नाही, आणि शौर्य नसल्याची लाजही नाही. पत्नी वेगळ्या वाटेने सुखरूप निघाल्याचे त्यांना कळते. मातोश्री मात्र त्या धावपळीत कायमच्या अंतरतात. आईला मागे ठेवून आपण वाचलो ही जाणीव लेखनात कोठेही आक्रोशाचे रूप घेत नाही, परंतु आत्मवृत्ताचा एकूण सूर तिच्यामुळेच खाली आलेला आहे, असे म्हणावेसे वाटते.

या लेखाचा विचार आजवर दोन अंगांनी झाला : मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून आणि पानिपतच्या घटनाक्रमाचे साधन म्हणून. तिसरे अंग असे की, हा वाचलेल्या माणसाचा जबाब आहे. वस्त्रे टाकून दिल्यावर माणसाजवळ ओळखीचे काय उरते, हा प्रश्न नानांनी १७६१ मध्ये स्वतःच्या देहावर अनुभवला. पंधरा वर्षांनी, दुसऱ्या एका माणसाच्या ओळखीचा निर्णय करण्याची जबाबदारी त्यांच्याच कारभारावर आली. हे दोन्ही नाना एकच आहेत, याची दखल आपल्या चरित्रकारांनी घेतली तेवढी समीक्षकांनी घेतलेली नाही.

५

पार्वतीबाईंनी स्वतःचे काही लिहून ठेवलेले नाही. युद्धाच्या दिवशी त्या छावणीत होत्या, तेथून निभावून दक्षिणेत आल्या. १७८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. मधल्या २२ वर्षांत त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. कुंकू कायम ठेवले. कादंबरीकारांना आणि नाटककारांना या गोष्टीतील करुण रस लगेच दिसला. तिच्यातील सामाजिक अर्थ मात्र त्या करुणेखाली झाकला गेला.

धर्मशास्त्राने बेपत्ता माणसासाठी वाट आखून दिली होती. बारा वर्षे वाट पाहावी, त्यानंतर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, और्ध्वदेहिक करावे, आणि त्या माणसाला मृत मानावे. (इंग्रजी अमदानीतील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने हीच मुदत सात वर्षांवर आणली.) या हिशेबाने १७७३ नंतर भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयी शास्त्रीय संशय उरावयास नको होता. पण पुढची दहा वर्षेही पार्वतीबाईंचे कुंकू राहिले, आणि पेशव्यांच्या घराने ते राहू दिले. सर्वांत मानाच्या घरात शास्त्राची मुदत अशी सैल झाली असेल, तर इतर घरांतही वाट पाहणे संपले नव्हते असे अनुमान करावयास जागा आहे.

पानिपताविषयी 'लाख बांगडी फुटली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. हे शब्द परिणामकारक आहेत, यात शंका नाही. परंतु ते एका क्षणात सर्वांचा निर्णय लावून टाकतात. बांगडी फुटावयास मृत्यूची खात्री लागते. ज्या घरांत ती खात्री आली नाही तेथे काय झाले, ते या शब्दांना सांगता येत नाही. पार्वतीबाईंची न फुटलेली बांगडी ही त्या लोकप्रिय उद्गारावरची सर्वांत समर्पक टीका म्हटली पाहिजे.

६

तोतयाचे प्रकरण थोडक्यात असे. बुंदेलखंडाकडचा सुखलाल उर्फ सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडून आणले गेले, चौकशी झाली आणि त्याला किल्ल्यांवर कैदेत ठेवले गेले. १७७६ च्या आरंभी रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. पाहता पाहता त्याच्याभोवती फौज जमली, कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती गेले आणि घाटापर्यंत दहशत पसरली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे पळताना तो राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात रामशास्त्र्यांच्या प्रमुखत्वाखाली पंचांनी चौकशी केली, तो तोतया ठरला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला.

तो तोतया होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्याच्यामागे गेलेल्यांचा आहे. त्यातील काही स्वार्थासाठी गेले, काही पुणे दरबारावरच्या रागापोटी गेले, हे उघड आहे. नारायणरावांचा खून १७७३ मध्ये झाला होता, गादीवर १७७४ मध्ये जन्मलेले मूल होते, आणि रघुनाथरावांचा पक्ष त्या मुलाच्या औरसपणाविषयी शंका पेरीत होता. १७७६ च्या मार्च महिन्यातच इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला. अशा वेळी खरा धनी परत येतो ही बातमी राजकीय दृष्ट्या मोलाची होती. पण एवढ्याने स्पष्टीकरण पुरे होत नाही. खोटे नाणे चालावयास बाजारात त्या नाण्याची गरज असावी लागते. भाऊसाहेब परतू शकतात हे ज्यांना पटले त्यांच्या घरचेही कोणी परतावयाचे होते, ही शक्यता ध्यानात घेतल्याशिवाय त्या विश्वासाचा विस्तार समजत नाही. भाऊसाहेब जिवंत, तर सर्वच बेपत्तांचा निर्णय पुन्हा खुला होतो. पंचांच्या निवाड्याने एका भामट्याला शिक्षा दिली आणि त्याच निवाड्याने असंख्य घरांचे दारही मिटले.

जगाच्या वाङ्मयात या प्रकारच्या खटल्यांनी मोठे चिंतन घडवले आहे. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये मार्टिन गेर या बेपत्ता शेतकऱ्याच्या जागी आलेल्या आर्नो द्यु तिल याला १५६० मध्ये फाशी झाली. माँतेन्यने आपल्या निबंधात त्या निवाड्याच्या खात्रीविषयीच शंका व्यक्त केली, आणि नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिताना गेरच्या पत्नीला कथेच्या मध्यभागी आणले. बंगालमधील भवाल संन्याशाचा खटला १९४६ पर्यंत, थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चालला. तेथे बहिणीने ओळखले, पत्नीने नाकारले, आणि न्यायालयाने संन्याशाच्या बाजूने निकाल दिला. पार्थ चॅटर्जी यांनी २००२ मध्ये त्यावर लिहिलेला ग्रंथ ओळख म्हणजे काय याच प्रश्नाचा वेध घेतो. मराठीत साधनसामग्री कमी नव्हती. चिंतनाची दिशा वेगळी पडली.

७

ती दिशा नरसिंह चिंतामण केळकर यांच्या 'तोतयाचे बंड' (१९१३) या नाटकाच्या शीर्षकातच दिसते. 'तोतया' आणि 'बंड' या दोन शब्दांनी पडदा उघडण्यापूर्वीच दोन निर्णय दिले आहेत : हा माणूस खोटा आहे, आणि त्याचे कृत्य राज्यद्रोहाचे आहे. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात ओळखीचे नाट्य उरत नाही, उरते ते कारस्थानाचे आणि त्याच्या बीमोडाचे. केळकर हे पत्रकार, कायदेपंडित आणि राजकारणी होते. परकी सत्तेच्या काळात स्वराज्याच्या अंतर्गत शिस्तीचे चित्र त्यांना आणि त्यांच्या प्रेक्षकांना आवश्यक वाटले, हे समजण्यासारखे आहे. नाना आणि रामशास्त्री यांच्या कारभारी व न्यायबुद्धीचा गौरव हा त्या काळच्या ऐतिहासिक नाटकाचा स्वाभाविक हेतू होता. त्याबद्दल नाटककाराला दोष देता येणार नाही. परंतु त्या नाटकाने घालून दिलेली चौकट समीक्षेनेही निमूटपणे स्वीकारली, हा आक्षेप समीक्षेवर घ्यावा लागतो. १७७६ कडे पाहताना आपण आजही प्रेक्षागृहातील त्याच खुर्चीवर बसतो.

नंतरच्या लेखनाने भाऊसाहेबांना न्याय दिला. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या 'पानिपत १७६१' या ग्रंथाने युद्धामागील राजकीय भूमिका पुढे आणली. विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' (१९८८) या कादंबरीने सामान्य वाचकाच्या मनातील भाऊसाहेबांची प्रतिमा बदलली. ही दोन्ही कामे मोलाची आहेत. मात्र नायकाचे पुनर्वसन जितके पूर्ण होते तितके त्याचे मरण निःसंशय आणि तेजस्वी व्हावे लागते. बेपत्ता नायकाचे स्मारक बांधता येत नाही. त्यामुळे पानिपतची प्रतिष्ठा वाढली, आणि पानिपतचा अनिर्णय अधिकच मागे पडला.

८

तो अनिर्णय संपलेला मात्र नाही. पानिपतजवळच्या काला आंब येथील स्मारकापाशी १४ जानेवारीला होणाऱ्या कार्यक्रमांना महाराष्ट्रातून लोक येतात, तसे हरियाणातील रोड समाजातीलही येतात. युद्धानंतर येथेच राहून गेलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे त्या समाजातील अनेक जण मानतात. कोल्हापूरचे इतिहासाभ्यासक वसंतराव मोरे यांनी या मताचा पुरस्कार केला. दुसऱ्या बाजूस, १८८१ च्या जनगणनेवर आधारलेल्या इबेट्सनच्या लेखनात या समाजाची स्वतःविषयीची वेगळी परंपरा, झज्जरजवळच्या बादलीशी जोडलेली, नोंदली आहे. आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांचे नाते वायव्य भारतातील प्राचीन लोकसमूहांशी जोडले आहे. बलुचिस्तानातील बुगटी मराठ्यांविषयीही पानिपतच्या कैद्यांची अशीच परंपरा सांगितली जाते.

या दाव्यांची ऐतिहासिक सत्यता ठरवणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम नव्हे, आणि कोणत्याही समाजाला पंचांपुढे उभे करण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. आपले काम वेगळे आहे. महाराष्ट्रातील माणसाला ही कथा ऐकताच ती खरी असावी असे का वाटते, हे आपण विचारले पाहिजे. अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांचा हिशेब लागला नाही तो खुर्दा कोठेतरी शिल्लक आहे, शेती करतो आहे, त्याची मुलेबाळे आहेत, हे ऐकण्याची जी उत्कंठा आहे ती १७७६ मधील कोकणातल्या माणसाच्या उत्कंठेपेक्षा जातीने वेगळी नाही. एका काळी तिला भाऊसाहेबांचे नाव लागले, आज तिला एका समाजाचे नाव लागते.

९

सारांश, पानिपतविषयक मराठी वाङ्मयाचे वाचन जय-पराजयाच्या मीमांसेबरोबरच न परतलेल्यांच्या दृष्टीनेही करावयास हवे. तसे केल्यास बखरीतील अपुरा शेवट, नानांच्या आत्मवृत्तातील दबलेला सूर, पार्वतीबाईंचे कुंकू आणि तोतयामागे गेलेला जमाव ही एकाच सामाजिक अनुभवाची चार रूपे म्हणून वाचता येतात. यासाठी नवी साधने सापडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पेशवे दफ्तरातील आणि प्रकाशित पत्रसंग्रहांतील वारसाचे तंटे, दत्तकपत्रे, वर्षासने, परत आलेल्यांची शुद्धी आणि स्वारीत पडलेल्यांच्या कुटुंबांचे अर्ज हे कागद राजकीय इतिहासासाठी वाचले गेले आहेत. ते वाट पाहणाऱ्या घरांचे लेखन म्हणून पुन्हा वाचले पाहिजेत.

मराठीत 'तोतया' हा शब्द आज कोणत्याही बनावट माणसाला लावला जातो, आणि तो वापरताना कोणालाही पानिपत आठवत नाही. भाषेने निवाडा जपून ठेवला आणि ज्या वाट पाहण्यातून तो खटला उभा राहिला ती विसरली. ती पुन्हा वाचकापुढे ठेवणे हे समीक्षेचे काम आहे.